पहिली टोरोनाडो घेताना: जुन्या अमेरिकन फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या नव्या मालकासाठी

मिशिगन राज्यातील लान्सिंग शहराजवळच्या आमच्या घरी १५ वर्षे १९६६ची ओल्ड्समोबाइल टोरोनाडो होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गाडीखाली आडवे पडून काम करणे मला जमेनासे झाले, तेव्हा ती मी एका तरुण मराठी अभियंत्याकडे सोपवली आणि सोबत एक वही दिली. गाडी पाहायला जाण्यापासून ती हिवाळ्यात झाकून ठेवण्यापर्यंत मला जे ठेचकाळत शिकावे लागले, ते सारे त्या वहीत क्रमाने लिहिलेले होते. पुढील मजकूर हा त्याच टिपणांचा विस्तार आहे. तुम्ही अमेरिकेत राहत असाल आणि अशी गाडी प्रथमच घेण्याचा विचार करत असाल, तर पैसे देण्यापूर्वी तो एकदा पूर्ण वाचा.

या गाडीचे वेगळेपण थोडक्यात सांगतो. १९३७मध्ये कॉर्ड या अमेरिकन बनावटीच्या गाड्यांचे उत्पादन थांबल्यानंतर अमेरिकेत पुढच्या चाकांवर चालणारी एकही मोटार बनत नव्हती. जवळजवळ तीन दशकांनी ती परंपरा टोरोनाडोने पुन्हा सुरू केली, आणि तीही लहान गाडीत नव्हे, तर ४२५ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ७ लिटरचे, ३८५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन आणि सुमारे २,००० किलो वजन असलेल्या गाडीत. डेव्हिड नॉर्थ यांनी रेखाटलेल्या या गाडीच्या चाकांच्या खाचा आणि लपणारे दिवे पाहिले, की जुन्या कॉर्डचे स्मरण होते. पहिल्याच वर्षी ४० हजारांहून अधिक टोरोनाडो बनल्या.

१. कोणती गाडी हवी, हे आधी ठरवा

नवख्या माणसाने १९३६–३७ची कॉर्ड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती फार सुंदर आहे, पण निर्वात दाब आणि वीज यांच्या साहाय्याने गिअर बदलणारी तिची यंत्रणा दुरुस्त करू शकणारे हात आज मोजकेच उरले आहेत आणि तिची किंमतही वेगळ्याच पातळीवर असते. ती डोळे भरून पाहण्यासाठी इंडियाना राज्यातील ऑबर्न येथील संग्रहालयात अवश्य जा.

खरी निवड १९६६ ते १९७० या काळातील टोरोनाडो आणि १९६७पासून तशाच यंत्रणेवर आलेली कॅडिलॅक एल्डोराडो यांच्यात करावी लागते. १९६६च्या टोरोनाडोचे रूप सर्वांत शुद्ध आहे; मात्र तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि एवढ्या वजनासाठी ते अपुरे पडतात. पुढचे डिस्क ब्रेक १९६७पासून पर्याय म्हणून मिळू लागले. गाडी नियमितपणे चालवण्याची इच्छा असेल, तर डिस्क ब्रेक असलेली १९६७ची गाडी शोधा. मी रूपाला भुललो आणि १९६६ची घेतली. त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही, पण उतारावर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवण्याची सवय मला पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी लागली. १९६८मध्ये इंजिन ४५५ घन इंचांचे झाले आणि १९७०मध्ये लपणारे दिवे गेले. १९७१नंतरच्या गाड्या आरामशीर आहेत, पण त्यांचा बांधा वेगळा आहे. या लेखातील बाह्यांगाविषयीच्या सूचना त्यांना तंतोतंत लागू होणार नाहीत.

२. बॉनेटखाली काय आहे, ते समजून घ्या

ही पायरी कोणी गाळू नये, कारण पुढच्या बहुतेक सूचनांचे कारण इथेच आहे. आजच्या लहान गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते. टोरोनाडोत ते नेहमीच्या अमेरिकन गाडीप्रमाणे उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने आहे. त्याच्या मागे टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून पुढे देणारा भाग, आहे. तेथून सुमारे दोन इंच रुंदीची, आवाज न करणारी, अनेक पात्यांची साखळी शक्ती डावीकडे वळवते आणि इंजिनाच्या डाव्या अंगाला समांतर बसवलेल्या तीन गतींच्या स्वयंचलित गिअरबॉक्सला देते. गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाला डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारा गिअरसंच, जोडलेले आहे, आणि तेथून उजव्या चाकाकडे जाणारा दांडा इंजिनाच्या खालच्या बाजूने पलीकडे जातो. साखळी कारखान्यातच ताणून घेतलेली असल्यामुळे तिला ताण देणारी वेगळी कप्पी लागत नाही. एवढ्या शक्तीखाली ही साखळी टिकेल का, अशी शंका मला सुरुवातीला रोज येत असे; १५ वर्षांत तिच्याकडे एकदाही पाहावे लागले नाही.

या मांडणीमुळे गाडीच्या मधोमध जाणारा लांब दांडा उरत नाही आणि आतली जमीन पूर्ण सपाट राहते. माझी आई भारतातून आली, की मागच्या सीटवर पाय लांब करून, मध्ये उंचवटा नसलेल्या त्या जमिनीवर पिशव्या मांडून बसत असे. डेट्रॉइटच्या बाजूला गणेशोत्सवासाठी जाताना मोदकांचे मोठे पातेले दोन्ही मुलांच्या पायांमध्ये सपाट जमिनीवर ठेवलेले असे, आणि ते कधी कलंडले नाही. मागे बसणाऱ्यांना लांबलचक दरवाजा स्वतः उघडता यावा म्हणून दरवाजाच्या मागच्या टोकाला वेगळी कडी दिलेली आहे. मुलांना त्या कडीचे कौतुक गाडीच्या वेगापेक्षा अधिक होते.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की हीच यंत्रणा १९७३ ते १९७८ या काळात बनलेल्या जीएमसी मोटरहोममध्ये वापरली गेली. त्या फिरत्या घरांचे मालक आजही ती प्रेमाने चालवतात आणि त्यांच्यासाठी सुटे भाग पुरवणारे जाणकार व्यावसायिक आहेत. त्यामुळे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चाकांकडे जाणारे दांडे यांचे पुष्कळसे भाग आजही मिळतात. याउलट, गाडीच्या अंगावरचे दागिने, म्हणजे जाळी, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या कडा आणि आतली सजावट, नव्याने जवळपास कोणीच बनवत नाही. यंत्र बिघडलेली पण अंगावर सर्व काही शाबूत असलेली गाडी ही सुरळीत चालणाऱ्या पण अर्धे दागिने हरवलेल्या गाडीपेक्षा चांगला सौदा आहे. बहुतेक नवखे खरेदीदार नेमके उलट करतात.

३. पाहणीला जाताना सोबत काय न्यावे

प्रखर टॉर्च, पत्र्यातील भराव ओळखण्यासाठी मऊ कापडात गुंडाळलेला लहान लोहचुंबक, जाड पुठ्ठा किंवा चटई, हातमोजे, तेल पुसण्यासाठी पांढरे कापड, मोजपट्टी आणि फोन एवढे साहित्य पुरते. त्याआधी त्या वर्षाचे कारखान्याचे चेसिस सर्व्हिस मॅन्युअल आणि बाह्यांगासाठी फिशर बॉडी मॅन्युअल मिळवून चाळून ठेवा. दोन्ही जुन्या प्रतींत मिळतात.

मोजपट्टी तुमच्या स्वतःच्या गॅरेजसाठीही आहे. ही गाडी सुमारे ५.३६ मीटर लांब आणि जवळजवळ २ मीटर रुंद आहे, आणि तिचा दरवाजा उघडण्यासाठी शेजारी भरपूर जागा लागते.

४. पत्रा आणि दागिने तपासा

प्रथम दरवाजे पाहा. ते लांब आणि फार जड असल्यामुळे बिजागरांच्या पिना झिजतात आणि दरवाजा खाली झुकतो. दरवाजा अर्धा उघडून त्याचे मागचे टोक हळूच वर उचला. तेथे हालचाल जाणवली, तर पिना बदलाव्या लागतील. हे काम दोन माणसांचे आहे.

त्यानंतर गंज शोधा. टोरोनाडोची चौकट पुढून निघून मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या लांब पट्ट्यांच्या, पुढील टोकापाशी संपते; त्यामागचा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच असतो. म्हणून मागच्या पाट्या जेथे जोडलेल्या आहेत त्या जागा टॉर्च घेऊन खालून पाहा, बोटाने दाबा आणि तेथे नव्याने फासलेले काळे डांबरासारखे लेपन दिसले, तर सावध व्हा. डिकीची जमीन, मागच्या चाकांच्या कमानी, पुढच्या मडगार्डांचे खालचे टोक आणि छतावर व्हिनाइलचे आवरण असल्यास मागच्या काचेची कड या इतर नाजूक जागा आहेत. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ज्या गाडीने येथे वर्षानुवर्षे हिवाळे काढले असतील, तिच्या बाबतीत ही तपासणी दुप्पट कडक करा.

शेवटी दागिन्यांची यादी करा. पुढची जाळी, चारही चाकांच्या टोप्या, काचेभोवतीच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा आणि डॅशबोर्डवरील फिरत्या नळकांड्यासारखा स्पीडोमीटर हे सर्व जागेवर आहे का, ते लिहून घ्या. १९६६ आणि १९६७च्या जाळ्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत. विक्रेता “ती कुठूनही मिळेल” असे म्हणाला, तर ती त्याने स्वतः आजवर का मिळवली नाही, हे नम्रपणे विचारा.

५. थंड इंजिन, खालची बाजू आणि फेरफटका

गाडी तुम्ही पोहोचण्यापूर्वी सुरू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगा. गरम केलेले इंजिन बरेच दोष लपवते.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचे तेल वेगवेगळे आहे, आणि हीच गोष्ट सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षिली जाते. गिअरबॉक्समध्ये लाल पातळ तेल असते, तर डिफरन्शियलमध्ये जाड गिअर ऑइल. दोन्हींची पातळी तपासा आणि थेंब पांढऱ्या कापडावर घ्या. डिफरन्शियलचे तेल पातळ, लालसर आणि प्रमाणापेक्षा जास्त निघाले, तर मधली सील गेलेली आहे असे समजा. सील स्वस्त असते, पण तिथवर पोहोचण्याची मजुरी स्वस्त नसते; ती किमतीतून वजा करून मागा.

चाकांजवळचे रबरी बूट, म्हणजे दांड्यांच्या सांध्यांवरची आवरणे, फाटलेले आहेत का, ते पाहा. त्यानंतर मोकळ्या मैदानात स्टिअरिंग प्रथम पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवून अगदी हळू वर्तुळे घाला. टक-टक असा लयबद्ध आवाज आला, तर चाकाकडचा सांधा झिजला आहे. सरळ रस्त्यावर जोरात वेग घेताना गाडी थरथरली, तर बहुधा आतला सांधा दोषी असतो. १९६६ आणि १९६७च्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पात्यांचा कोन विजेच्या साहाय्याने बदलतो. त्याची तार निखळलेली असेल, तर गाडी सुस्त वाटते आणि विक्रेता मात्र गिअरबॉक्सच गेला आहे असे समजून किंमत उतरवतो. मला माझी गाडी याच कारणाने स्वस्तात मिळाली.

दिवे चालू करून पाहायला विसरू नका. ते इंजिनाच्या निर्वात दाबावर वर येतात. एकच दिवा वर आला किंवा दोन्ही डुलत वर आले, तर रबरी नळ्यांना चिरा गेलेल्या असतात. हे काम एका शनिवारी घरीच होते.

६. कागदपत्रे

पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी हातात असाव्यात: विक्रेत्याच्या नावाचे मूळ टायटल (गाडीचे मालकीपत्र), त्याच्या ओळखपत्राची खातरजमा, तारीख आणि रक्कम लिहिलेली दोघांच्या सह्यांची विक्रीपावती, गाडीच्या क्रमांकाच्या पट्टीचे छायाचित्र, तुमच्या नावाचा विमा आणि जुन्या दुरुस्त्यांच्या पावत्या.

टायटलवरील क्रमांक गाडीवरील पट्टीशी स्वतः ताडून पाहा. १९६६–६७च्या गाडीत ही पट्टी डाव्या दरवाजाच्या खांबावर असते. १९६८पासून ती समोरच्या काचेतून दिसते. १९६६च्या क्रमांकाची सुरुवात ३ या आकड्याने होते, कारण तो ओल्ड्समोबाइलचा संकेत आहे. सहावा आकडा ६ हा वर्ष दाखवतो आणि त्यानंतरचे अक्षर एम हे लान्सिंगच्या कारखान्याचे आहे. एका आकड्याचाही फरक असेल, तर तो विक्रेत्याने आधी सरकारी कार्यालयातून दुरुस्त करून आणावा. “नंतर बघू” या शब्दावर पैसे देऊ नका. मी पाहिलेल्या पहिल्या गाडीच्या टायटलवर विक्रेत्याच्या दिवंगत काकांचे नाव होते, आणि तीन महिने थांबूनही तो कागद सरळ झाला नाही.

मिशिगनमध्ये खरेदीनंतर १५ दिवसांच्या आत वाहन-नोंदणी पाहणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयात टायटल स्वतःच्या नावावर करावे लागते. गाडी २६ वर्षे किंवा त्याहून जुनी असेल आणि केवळ संग्रहासाठी बाळगली असेल, तर ऐतिहासिक वाहनाची पाटी घेता येते. तिच्यावर क्लबचे कार्यक्रम, मिरवणुका, प्रदर्शने यांसाठी गाडी नेता येते आणि ऑगस्ट महिन्यात ती सर्वसाधारण वापरासाठीही चालवता येते. रोज कामावर जाण्यासाठी ही पाटी नाही. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत.

विमा घेताना गाडीची किंमत आधीच ठरवून लिहिलेली पॉलिसी मागा. नेहमीच्या पॉलिसीत घसारा धरला जातो आणि अपघातानंतर हाती फार थोडी रक्कम येते.

७. टोचन करताना होणारी मोठी चूक

हा मुद्दा मी वेगळा काढला आहे, कारण यात माझे मोठे नुकसान झाले. गाडी घेतल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात ती रस्त्यात बंद पडली. टोइंगसाठी आलेल्या माणसाने एवढी लांबरुंद जुनी अमेरिकन गाडी पाहून ती मागच्या चाकांवर चालणारी आहे असे गृहीत धरले, मागची बाजू उचलली आणि पुढची चाके रस्त्यावर फिरवत १८ मैल ओढत नेली. त्यानंतर गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागला. तो माणूस हेतुतः चुकला नव्हता. सांगणे हे माझे काम होते. तुम्ही फोनवरच सपाट पाठीचा ट्रक मागा, आणि “पुढची चाके चालतात, पुढची बाजू उचला” असे इंग्रजीत लिहिलेले कार्ड ग्लोव्ह बॉक्समध्ये कायम ठेवा.

८. पहिल्या महिन्यातील कामे

ब्रेकपासून सुरुवात करा. नळ्या, चाकांमधील सिलिंडर आणि ब्रेकचे तेल बदला. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबताच ब्रेकच्या तेलावर दाब आणणारा भाग, एकाच परिपथाचा असेल, तर एक नळी फुटताच चारही चाकांचे ब्रेक जातात. तो दुहेरी परिपथाचा करून घेणे, हा मूळपणा जपण्यापेक्षा महत्त्वाचा बदल आहे असे मी मानतो.

इंधनाच्या सर्व रबरी नळ्या बदला. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉलमुळे जुने रबर कुजते, आणि कार्बोरेटरजवळची गळती म्हणजे आगीला आमंत्रण. दाबाचे गुणोत्तर १०.५ असल्याने उच्च ऑक्टेनचे पेट्रोलच भरा.

इंजिनाच्या टायमिंग साखळीच्या वरच्या चाकाला मूळ बांधणीत नायलॉनचे दात असतात. वयाने ते तुटतात आणि तुकडे तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतात. ते चाक बदलल्याची पावती नसेल, तर ते बदललेले नाही असे धरून चाला आणि धातूचा संच बसवा. इंजिनाचे तेल घेताना जुन्या धाटणीच्या कॅमसाठी (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यासाठी) जस्ताचे प्रमाण अधिक असलेलेच घ्या.

पुढच्या टॉर्शन बारला, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याला, मात्र घरी हात लावू नका. त्यात साठलेला ताण माणसाला गंभीर इजा करू शकतो, आणि तो उतरवण्यासाठी खास अवजार लागते.

९. टायर, रिम आणि चाकांची दिशा

मूळ टायर ८.८५-१५ मापाचे होते आणि ते या गाडीसाठी खास बनवलेले होते. आज बहुतेक मालक २३५/७५ आर १५ वापरतात. रिमची मात्र अदलाबदल करू नका. या गाडीच्या रिमचा आतला खोलगटपणा इतर जुन्या गाड्यांच्या रिमपेक्षा वेगळा आहे. केवळ बोल्टची भोके जुळतात म्हणून दुसरी रिम बसवली, तर चाक मडगार्डबाहेर येते आणि बेअरिंगवर चुकीचा भार पडतो. अलाइनमेंट करणाऱ्याला आधी टॉर्शन बारने गाडीची उंची नियमानुसार लावायला सांगा आणि नंतरच चाकांचे कोन. हा क्रम उलटला, की दोन्ही कामे वाया जातात.

१०. चालवण्याची सवय

गाडीच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या चाकांवर आहे. वळणापूर्वी वेग कमी करा, वळणात पाय स्थिर ठेवा आणि बाहेर पडताना शक्ती द्या. गाडी स्वतःला ओढून सरळ करते. बर्फात ती तिच्या काळातील इतर मोठ्या गाड्यांपेक्षा खूपच समजूतदारपणे चालते, पण मिठामुळे मी तो अनुभव फक्त दोनदा घेतला. एक लिटर पेट्रोलमध्ये ती ४ ते ५ किलोमीटर जाते.

लान्सिंगमध्ये ओल्ड्समोबाइलचे संस्थापक आर. ई. ओल्ड्स यांच्या नावाचे वाहन-संग्रहालय आहे. ओल्ड्समोबाइलचे उत्पादन एप्रिल २००४मध्ये याच शहरात थांबले. गाडी घेऊन तेथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा कारखान्यात काम केलेले एक वृद्ध गृहस्थ बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी मला दरवाजाच्या रबराची योग्य बाजू दाखवली. ते मी उलटे बसवले होते. अशी माणसे ओल्ड्समोबाइलच्या मालकांच्या क्लबमध्ये भेटतात. सभासद व्हा, आणि सुटे भाग मागण्यापूर्वी त्यांचे ऐका.

११. हिवाळ्यासाठी गाडी ठेवताना

ऑक्टोबरअखेर तेल बदला, टाकी भरून इंधन टिकवणारे द्रव्य घाला आणि ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचावे म्हणून दहा मैल चालवून आणा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, बॅटरी काढून मंद चार्जरवर ठेवा, नळ्यांची तोंडे उंदरांसाठी बंद करा आणि श्वास घेणारे सुती आवरण घाला. मध्येच पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करू नका. त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि फायदा काहीच होत नाही. एप्रिलमध्ये पावसाने रस्त्यावरचे मीठ धुतले गेल्यावर आवरण काढा, तीनही तेलांच्या पातळ्या पाहा आणि ब्रेक दाबून घट्टपणा जाणवला तरच गॅरेजचे दार उघडा.